केस उपटण्याची अनिवार सवय (ट्रिकोटिलोमेनिया)

डोक्याचे, भुवयांचे किंवा पापण्यांचे केस पुन्हा पुन्हा उपटावेसे वाटणे आणि थांबायचे ठरवूनही हात न थांबणे, असा हा मनोविकार. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अलोपो यांनी १८८९ मध्ये त्याला ट्रिकोटिलोमेनिया हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांतला ‘वेड’ हा अर्थ मात्र दिशाभूल करणारा आहे. डीएसएम-५ (२०१३) या मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात तो मंत्रचळाच्या (ओसीडी) गटात येतो. शंभरांत एक-दोघांना तो होतो, बहुधा वयात येताना सुरू होतो. जैन साधू-साध्वींचा केशलोच याहून अगदी वेगळा. ते ठरवून पाळलेले व्रत आहे.

कधी वाचताना, टीव्ही पाहताना हात नकळत डोक्यात जातो. कधी आरशासमोर एखादा जाड, राठ केस शोधून उपटला जातो. आधी ताण, मग क्षणभर मोकळे वाटणे आणि पाठोपाठ शरम. चाई पडली की त्वचा गुळगुळीत दिसते, इथे मात्र विरळ जागी कमीजास्त लांबीचे खुंट राहतात. काहीजण उपटलेले केस गिळतात. ते पचत नाहीत, पोटात गोळा होतो आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेले सवय-पालट प्रशिक्षण. केस कधी, कुठे, कोणत्या मनःस्थितीत उपटले जातात याची आधी नोंद ठेवायची. मग हात वर जाऊ लागताच मूठ घट्ट आवळायची किंवा हातात काही धरायचे आणि ओढ ओसरेपर्यंत मिनिटभर तसेच राहायचे. नुसत्या निग्रहावर सोडण्यापेक्षा हाताला दुसरे काम देणे, हेच या पद्धतीचे बळ. सोबत बोटांना चिकटपट्टी, डोक्याला रुमाल, आरशासमोर कमी वेळ असे साधे अडसर घालतात. केवळ याच विकारासाठी मान्य झालेले औषध नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या कफ पातळ करणाऱ्या औषधाचा प्रौढांना उपयोग झाल्याचे २००९ च्या चाचणीत दिसले, पण २०१३ मध्ये मुलांवरील चाचणीत तसे आढळले नाही.

घरच्यांनी हातावर चापट मारणे, पाहुण्यांसमोर टोकणे याने मूल लपून केस उपटू लागते. त्यापेक्षा त्याच्याशी आधी ठरवून घेतलेली एखादी खूण बरी. सवय अनेकदा परतते. तेव्हा नोंदवही पुन्हा उघडायची. उपटणे थांबले की केस बहुधा उगवतात, मात्र वर्षानुवर्षे उपटल्यास मुळे कायमची दुखावू शकतात. मनोविकारतज्ज्ञ सहज मिळत नसल्यास टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.