बाल्टिक देशांची प्रतिरोधननीती

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया या तीन देशांनी, रशियाने आपल्यावर हल्ला करण्याचे धाडसच करू नये, यासाठी मित्रराष्ट्रांच्या साहाय्याने उभारलेली लष्करी, राजनैतिक आणि नागरी व्यवस्था. तिन्ही देशांची मिळून लोकसंख्या साधारण ६० लाख, तर रशियाची १४ कोटींच्या वर. मोठे युद्ध एकट्याने लढून जिंकणे या देशांना शक्य नाही. म्हणून आक्रमणाची किंमत आधीच इतकी वाढवून ठेवायची, की मॉस्कोत बसून केलेला कोणताही हिशेब तोट्याचाच निघावा, असा या नीतीचा गाभा आहे.

ही नीती १९४० च्या आठवणीवर उभी आहे. २३ ऑगस्ट १९३९ रोजी झालेल्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप करारातील गुप्त कलमांनी जर्मनी आणि सोव्हिएत संघाने पूर्व युरोप आपसात वाटून घेतला. पुढच्या काही आठवड्यांत तिन्ही बाल्टिक देशांवर ‘परस्पर साहाय्य करार’ लादून तेथे सोव्हिएत लष्करी तळ उभारले गेले. जून १९४० मध्ये निर्वाणीचे खलिते आले आणि रणगाडे आत शिरले. १७ जूनच्या रात्री लाटव्हियाचे अध्यक्ष कार्लिस उल्मानिस रेडिओवरून जनतेला म्हणाले, ‘मी माझ्या जागी राहीन, तुम्ही तुमच्या जागी राहा.’ रक्तपात टळावा हा त्यांचा हेतू होता. पण सुमारे पाच आठवड्यांत त्यांनाच पदावरून दूर करून सोव्हिएत संघात नेण्यात आले आणि १९४२ मध्ये सोव्हिएत कैदेत त्यांचा मृत्यू झाला. रक्तपातही टळला नाही. जून १९४१ आणि मार्च १९४९ मध्ये हजारो कुटुंबे गुरांच्या डब्यांतून सायबेरियाकडे पाठवण्यात आली. याउलट फिनलंडने तशाच मागण्या धुडकावल्या, १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सुमारे दहावा हिस्सा भूमी गमावली, पण स्वातंत्र्य राखले. दोन्ही देशांची परिस्थिती तंतोतंत सारखी नव्हती हे मान्य करूनही, न लढता शरण जाण्याने काही वाचत नाही हा धडा बाल्टिक समाजाने मनावर कोरून घेतला. लिथुएनियाच्या राज्यघटनेचे तिसरे कलम स्वातंत्र्यावर बळाने घाला घालणाऱ्याचा प्रतिकार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला देते. एस्टोनियाच्या घटनेतही तशीच तरतूद आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाकडून स्वातंत्र्य परत मिळाल्यावर शेवटचे रशियन सैन्य लिथुएनियातून १९९३ मध्ये आणि इतर दोघांतून १९९४ मध्ये गेले. २९ मार्च २००४ रोजी तिन्ही देश नाटोत दाखल झाले. नाटो कराराच्या पाचव्या कलमानुसार एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानला जातो. मात्र प्रत्येक सदस्याने ‘आवश्यक वाटेल ती’ कारवाई करावी, एवढेच ते कलम सांगते. फौजा पाठवण्याची सक्ती त्यात नाही. कागदावरच्या या मोकळ्या जागेची चिंता २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळल्यावर एकदम वाढली. त्यावर २०१६ च्या वॉर्सा परिषदेत उत्तर निघाले. २०१७ पासून एस्टोनियात तापा येथे ब्रिटनच्या, लाटव्हियात आदाझी येथे कॅनडाच्या आणि लिथुएनियात रुक्ला येथे जर्मनीच्या नेतृत्वाखाली बहुराष्ट्रीय तुकड्या आल्या. प्रत्येक तुकडी जेमतेम हजार-दीड हजारांची. शत्रूला थोपवणे एवढ्या बळाचे काम नव्हते. पहिल्याच दिवशी ब्रिटिश, कॅनेडियन, जर्मन सैनिक गोळीबारात सापडतील आणि मग त्यांच्या राजधान्यांना तटस्थ राहता येणार नाही, हे तिचे खरे प्रयोजन होते.

या मांडणीची उणीव २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यावर, उघडी पडली. नाटोच्या तत्कालीन योजनांनुसार देश आधी शत्रूच्या हाती जाऊ देऊन १८० दिवसांनी मुक्त करायचा, असे झाले तर एस्टोनिया नकाशावरून पुसला जाईल, असे पंतप्रधान काया काल्लास यांनी त्या जूनमध्ये जाहीरपणे सांगितले. युक्रेनमधील बुचा येथे रशियन सैन्याने केलेले हत्याकांड ताजे होते, आणि महिनाभराच्या ताब्यातही काय होऊ शकते हे जगाने पाहिले होते. त्यांचे म्हणणे पटण्याजोगेच होते: ज्या गावात माणसेच उरली नाहीत, त्याची मुक्तता कोणासाठी करायची? त्याच महिन्यात माद्रिद परिषदेत गरजेनुसार या तुकड्या ब्रिगेडच्या, म्हणजे काही हजार सैनिकांच्या, आकारापर्यंत वाढवण्याचे ठरले. ‘नंतर सोडवू’ ऐवजी ‘पहिल्या इंचापासून राखू’ ही भाषा आली. जर्मनीने तर सुमारे ५,००० जणांची ४५ वी चिलखती ब्रिगेड लिथुएनियात कायमची ठेवण्याचा निर्णय घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात कायमस्वरूपी ठेवलेली ही जर्मनीची पहिलीच ब्रिगेड होय.

भूगोल मात्र प्रतिकूल आहे. बाल्टिक देशांना पोलंडशी, म्हणजेच उरलेल्या नाटोशी, जमिनीने जोडणारी सुवाल्कीची चिंचोळी पट्टी एका बाजूने रशियाच्या मुख्य भूमीपासून तुटलेल्या कालिनिनग्राद प्रांताने आणि दुसऱ्या बाजूने रशियाचा मित्र असलेल्या बेलारूसने दाबलेली आहे. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आल्याने समुद्रमार्गाची कोंडी बरीच सैलावली.

मित्रांवर भिस्त असली तरी स्वतःची तयारी हाच या नीतीचा अधिक भक्कम भाग म्हणायला हवा. जो स्वतः उभा राहत नाही त्याच्यासाठी दुसरा कोणी किती काळ उभा राहणार? एस्टोनियाने सक्तीची लष्करी सेवा कधीच बंद केली नव्हती; लिथुएनियाने २०१५ मध्ये आणि लाटव्हियाने २०२३ मध्ये ती पुन्हा आणली. एस्टोनियाच्या ‘काइत्सेलीट’ या स्वयंसेवी संरक्षण दलात शिक्षक, शेतकरी, संगणक अभियंते आपापला व्यवसाय सांभाळून सराव करतात. सायबर संरक्षणाची वेगळी शाखाही त्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिन्ही देशांनी सीमेवर संयुक्त बचावरेषा उभारण्याचे ठरवले. एकट्या एस्टोनियाच्या आराखड्यात ६०० बंकर आहेत. २०२५ मध्ये तिघांनी मनुष्यविरोधी भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारातूनही अंग काढून घेतले. लष्करी दृष्ट्या त्याचे कारण समजते. पण युद्ध संपल्यावरही शेतात पाय गमावणाऱ्या मुलांचा विचार करता हा निर्णय क्लेशदायकच आहे.

रणगाड्यांशिवाय होणारा उपद्रव रोखणे सर्वांत अवघड ठरले आहे. एप्रिल २००७ मध्ये एस्टोनियाची राजधानी तालिनमधील सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवल्यावर एस्टोनियातील बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळांवर सायबर हल्ल्यांची लाट आली. पुढच्याच वर्षी नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र तालिनमध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही देशांनी रशिया-बेलारूसशी जोडलेले सोव्हिएतकालीन वीजजाळे तोडून युरोपीय जाळ्याशी नाते जोडले. त्याआधी दीड महिना, २५ डिसेंबर २०२४ रोजी, फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यातील समुद्राखालची ‘एस्टलिंक २’ ही वीजवाहिनी निकामी झाली होती. तिच्यावरून नांगर ओढत नेल्याच्या संशयावरून फिनलंडने एक तेलवाहू जहाज ताब्यात घेतले. जानेवारी २०२५ मध्ये नाटोने ‘बाल्टिक सेंट्री’ ही सागरी गस्त सुरू केली. मात्र हेतू सिद्ध करता न येणाऱ्या अशा घटनांना पाचव्या कलमाखालचा हल्ला कधी मानायचे, यावर सदस्य राष्ट्रांनी कोणतीही ठाम मर्यादा ठरवलेली नाही.