राहून गेलेल्या व्यवसाय खर्चाची वजावट आणि सुधारित विवरणपत्र

विवरणपत्र भरून झाल्यावर एखादा खर्च दाखवायचा राहिल्याचे लक्षात आले, आणि विशेषतः परतावाही खात्यात जमा झालेला असला, की आता काही करता येणार नाही असे स्वतंत्र व्यवसाय करणारे आमचे अनेक ग्राहक गृहीत धरतात. प्रत्यक्षात प्राप्तिकर अधिनियम, 1961 च्या कलम 139(5) नुसार सुधारित विवरणपत्र भरता येते, मग मूळ विवरणपत्र उशिरा भरलेले का असेना. आर्थिक वर्ष 2024-25 साठी ही मुदत 31 डिसेंबर 2025 अशी ठरलेली होती. कर निर्धारण मुदतीआधीच पूर्ण झाले, तर ती तेव्हाच संपते. पुढे चार वर्षांपर्यंत भरता येणारे ‘अद्ययावत विवरणपत्र’ येथे उपयोगाचे नाही, कारण त्यातून कर कमी करून घेता येत नाही किंवा परतावा वाढवता येत नाही.

वैयक्तिक कार्डावरून आपोआप वळते होणारे सॉफ्टवेअरचे शुल्क, बँकेचे आकार, घरातून काम चालत असल्यास भाड्याचा व वीजबिलाचा कामापुरता हिस्सा, असे खर्च सहसा निसटतात. नवी करप्रणाली निवडली की हे खर्च बाद होतात, हा गैरसमज आम्हाला वारंवार दूर करावा लागतो.

सर्वांत महागात पडते ती घसाऱ्याची, म्हणजे वस्तूच्या दरवर्षी घटणाऱ्या किमतीपोटी मिळणाऱ्या वजावटीची, विस्मृती. डिसेंबरमध्ये 60,000 रुपयांना घेतलेला आणि केवळ व्यवसायासाठी वापरलेला लॅपटॉप त्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असल्याने त्यावर 40 ऐवजी 20 टक्के, म्हणजे 12,000 रुपये घसारा मिळतो. आपण तो मागितला नाही तरी कायद्याच्या दृष्टीने तो दिला गेल्याचे धरले जाते व पुढच्या वर्षीचा हिशेब 48,000 रुपयांवरूनच सुरू होतो. त्यामुळे सोडलेली रक्कम पुढे भरून निघत नाही.

खर्च व्यवसायासाठीच झाला हे दाखवणारे बिल आणि पैसे दिल्याची नोंद, दोन्ही हवेत. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिले असल्यास, काही अपवाद वगळता, तो खर्च अमान्य होतो. अंदाजाने आकडे फुगवण्यास आमची साथ मिळणार नाही.

ज्यांनी कलम 44एडीए खाली (ठरावीक व्यावसायिकांसाठीची अनुमानित उत्पन्नाची योजना) एकूण जमेच्या 50 टक्के उत्पन्न दाखवले आहे, त्यांचे सर्व खर्च उरलेल्या निम्म्यात आलेच, त्यामुळे त्यांना वेगळी वजावट नाही.

सुधारित विवरणपत्र मूळ विवरणपत्राची जागा घेत असल्याने ते संपूर्ण नव्याने भरावे लागते, त्यात मूळ पोचपावतीचा क्रमांक व तारीख द्यावी लागते आणि 30 दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. त्यासाठी मूळ पोचपावती, वर्षभराचे बँक उतारे, कार्डाची विवरणे आणि राहिलेली बिले घेऊन मुदत संपण्याच्या किमान पंधरवडाभर आधीच आमच्याकडे यावे; शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ संथ चालते आणि बिले तपासायलाही सवड उरत नाही.