१९८० सालात जागा होणारा लॅपटॉप

माळ्यावरून २००१ सालचा लॅपटॉप काढला, पुसला, अडॅप्टर लावून बटण दाबलं. दोन बीप झाले, काळ्या पडद्यावर १ जानेवारी १९८० ही तारीख आली आणि गाडी तिथेच अडली. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला, टाकून द्या.’ मदरबोर्ड ठणठणीत होता. संपला होता तो आतला नाण्याएवढा सेल.

डिस्क कोणती, आधी कुठून सुरू व्हायचं, या नोंदी जुन्या लॅपटॉपमध्ये सीमॉस नावाच्या चिमुकल्या मेमरीत असतात. वीज गेली की ही मेमरी कोरी होते, म्हणून सेल. नोंदींची बेरीजही तिथेच लिहिलेली असते. सुरू होताना बायोस (लॅपटॉपला जागं करणारा आतला मूळ प्रोग्राम) ती बेरीज पुन्हा करून पाहतो आणि हिशेब जुळला नाही तर थांबतो. यालाच ‘चेकसम एरर’ म्हणतात.

याच सेलवर घड्याळही चालतं, म्हणून सेल संपला की तारीख पुन्हा १९८० वर जाते. या घड्याळाची रचना मला फार आवडते. पत्र्याच्या बारीक नळकांड्यात क्वार्ट्‌झचा चिमट्यासारखा, दोन पायांचा तुकडा असतो. तो सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का? कारण तो दोनाचा पंधरावा घात आहे. दर दोन ठोक्यांमागे एकच ठोका पुढे सोडणारं सर्किट घ्यायचं, अशी पंधरा सर्किटं ओळीने जोडायची: १६,३८४, ८,१९२, ४,०९६... शेवटच्यातून सेकंदाला नेमका एक ठोका बाहेर पडतो. भागाकार नाही, फक्त अर्धं करत जायचं! या सगळ्याला साधारण ३ मायक्रोअँपिअर (मिलिअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोअँपिअर) वीजप्रवाह पुरतो असं धरू. सीआर २०३२ सेलची (२० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, म्हणून हे नाव) क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. भागून पाहा: ७३,००० तासांहून जास्त, म्हणजे आठ वर्षं. माळ्यावर वीस वर्षं पडलेल्या सेलकडून आणखी काय मागायचं?

सेल फ्रीजरमध्ये ठेवला की पुन्हा भरतो, असे मेसेज फिरतात. साफ खोटं आहे. त्यातलं लिथियम वीज देता देता समोरच्या मँगनीज डायऑक्साइडमध्ये जाऊन बसलेलं असतं. थंडीने ते परत येत नाही. चार्जरला तर मुळीच जोडू नका, सेल फुटू शकतो.

निदान सोपं आहे. तारीख भरा, सेटिंग सेव्ह करा, अडॅप्टर लावूनच बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करा. आता चाललं, पण अडॅप्टर आणि मोठी बॅटरी काढून तासाभराने पुन्हा १९८० आलं, तर संशय सेलवरच घ्या. माझा सेल मल्टिमीटरवर ३ ऐवजी ०.८ व्होल्ट दाखवत होता.

नव्वदच्या दशकातल्या लॅपटॉपमध्ये मात्र आधी वास घ्या आणि नीट पाहा. तिथे बऱ्याचदा निकेलचा रिचार्जेबल सेल असतो. तो गळला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या रेषा खात जातं, हिरवट बुरशीसारखं दिसतं. व्हिनेगरचा हलका बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज द्यायची नाही.

नवा सेल वायर आणि पत्ती लावलेलाच घ्या. सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवू नका. माझ्या लॅपटॉपला तो बसवायला दहा मिनिटं लागली, त्यातली आठ स्क्रू शोधण्यात गेली.