यूएसए आणि यूएसएसएसए: बॅटवरचे दोन शिक्के, दोन वेगळे नियम

अमेरिकेत लिटल लीगचा, म्हणजे मुलांच्या बेसबॉलचा, हंगाम जवळ आला की मराठी आईबाबांमध्ये तोच घोळ पुन्हा सुरू होतो. दुकानात बॅट उचलायची, "यूएसए दिसतंय ना, मग घ्या" म्हणायचं, आणि घरी आल्यावर कळतं की शिक्का यूएसएसएसएचा आहे. मधले दोन 'एस' जास्त असतात, आणि तेवढ्यावरून पोराला ती बॅट सामन्यात वापरता येत नाही.

ड्रॉपचं गणित तुम्हाला येतच असेल: बॅटच्या औंसांतल्या वजनातून इंचांतली लांबी वजा करायची. 30 इंच लांब आणि 20 औंस वजन, म्हणजे उणे 10. त्यात अडण्यासारखं काही नाही, आणि बॅट चालेल की नाही हे लिटल लीगच्या लहान गटांत ड्रॉपवरून ठरतही नाही.

ते ठरतं शिक्क्यावरून. यूएसए बेसबॉल ही अमेरिकेतल्या बेसबॉलची राष्ट्रीय संस्था. तिचं मानक 1 जानेवारी 2018 पासून लागू झालं, आणि लिटल लीगला आता तेच लागतं. यूएसएसएसए ही स्पर्धा भरवणारी वेगळी संघटना आहे. ट्रॅव्हल बॉलच्या, म्हणजे गावोगाव जाऊन खेळणाऱ्या क्लब संघांच्या, बऱ्याच स्पर्धा तिच्या नियमांनी होतात. तिची खूण अंगठ्याच्या ठशासारखी असते आणि तिच्यात 1.15 बीपीएफ (बॅट परफॉर्मन्स फॅक्टर) लिहिलेलं असतं.

खरी गोम या 1.15 मध्ये आहे. ताठ भिंतीवर आपटल्यावर चेंडू जसा उसळतो, त्याच्या तुलनेत बॅटवरून तो फार तर किती पट उसळावा, याची ही मर्यादा. पोकळ बॅरल, म्हणजे बॅटचा जाड भाग, चेंडू लागताच किंचित आत दबतं आणि परत उसळतं, त्यामुळे चेंडू कमी चेपतो आणि त्याची ताकद वाया जात नाही. भरीव लाकूड असं दबत नाही. सगळं चेपणं चेंडूच्या वाट्याला येतं. यूएसए मानकाचा हेतूच हा, की पोकळ बॅटही लाकडासारखीच चालावी. म्हणून यूएसएसएसएच्या बॅटने चेंडू लांब जातो आणि मुलांना तीच आवडते.

आता गंमत बघा. 2017 अखेरपर्यंत लिटल लीगलाच बॅटवर 1.15 छापलेलं हवं होतं! जो आकडा तेव्हा बॅट नियमात असल्याचा पुरावा होता, तोच आज लिटल लीगच्या मैदानावर ती बाद ठरवतो. मोठ्या भावाची 2016 ची बॅट धाकट्याला देणारे नेमके इथे फसतात. "दादा याच लीगमध्ये हिनेच खेळला" हे खरं असतं, पण उपयोगाचं नसतं. अशी बॅट घेऊन खेळल्याचं पुढचा फलंदाज उभा राहण्याआधी लक्षात आलं तर मुलगा बाद, आणि पहिल्याच चुकीला संघाचा एक प्रौढ बेस कोचही (बेसजवळ उभा राहून धावणाऱ्यांना सूचना देणारा) उरलेल्या सामन्यापुरता जातो.

मॉडेल कोडवर विसंबू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. बॅट बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या कोडमध्ये 'वाय' म्हणजे यूथ, 'एसएल' म्हणजे सीनियर लीग. पण 2018 च्या आधीच्या 'वाय' बॅटीही 1.15 च्याच होत्या. शिवाय एकाच नावाची, जवळपास त्याच रंगाची बॅट दोन्ही शिक्क्यांत मिळते. विक्रेते नुसतं 'यूथ बॅट' लिहून मोकळे होतात, हे मला अजिबात पटत नाही. शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो नसेल तर ऑनलाइन बॅट मागवूच नये.

काही बॅटींवर बीबीसीओआर .50 असा तिसराच शिक्का दिसतो. तो 1.15 चा कमी केलेला आकडा नव्हे. मोजण्याची पद्धतच निराळी, त्यामुळे दोन्हींची तुलना करू नका. तो हायस्कूल-कॉलेजचा विषय, ड्रॉप उणे 3. अखंड लाकडी बॅटला लिटल लीगमध्ये शिक्का लागत नाही.

एकच बॅट घ्यायची असेल तर माझं मत ठाम आहे: यूएसए. ती यूएसएसएसएच्या स्पर्धांतही चालते. उलट चालत नाही. जुनी घेताना मुठीच्या वर, बॅट रुंद व्हायला लागते तिथे बघा. शिक्का झिजून वाचता येत नसेल, तर कितीही स्वस्त असली तरी ती बॅट सोडून द्या.