दीर्घकालीन गर्भनिरोध (बेळगाव सीमाभाग)

एकदा अवलंबल्यावर काही वर्षे पाळणा लांबवणारे किंवा कायमचा थांबवणारे उपाय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत 'ऑपरेशन' म्हटले की ते बाईचेच, हे न सांगता समजले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. हे खटकणारे आहे, कारण पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी अधिक सोपी आहे. पोटाला छेद द्यावा लागत नाही. मात्र त्यानंतर सुमारे 3 महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते.

दोन मुलांत अंतर हवे असेल, किंवा आणखी मूल नको पण ऑपरेशनही नको असेल, तर तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायचे छोटे साधन, हा भक्कम पर्याय. तांब्याच्या तांबीचा 'कॉपर-टी 380 ए' हा प्रकार 10 वर्षे आणि '375' हा प्रकार 5 वर्षे चालतो. पहिल्या वर्षात शंभरांत एकीलाही गर्भ राहत नाही. म्हणजे भरवसा जवळपास ऑपरेशनइतकाच, आणि काढली की पुन्हा दिवस जाऊ शकतात. सुरुवातीचे काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाते, पोट दुखते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. हार्मोनची तांबी उलट रक्तस्राव कमी करते, पण ती महाग आहे आणि बहुतेक वेळा खासगी दवाखान्यात घ्यावी लागते. दंडाच्या कातडीखाली बसवायची कांडी 3 वर्षे टिकते.

'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर 3 महिन्यांनी घ्यायचे असते. ते थांबवल्यावर दिवस राहायला बरेचदा 7 ते 10 महिने लागतात.

तांबी व नसबंदी सरकारी दवाखान्यात मोफत होते. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तांबी बसवता येते. इथे सीमेचा प्रश्न येतो: सासर खानापूरला, पहिले बाळंतपण माहेरी चंदगड किंवा गडहिंग्लजला. तांबी एका राज्यात बसते आणि सहा आठवड्यांनंतरची तपासणी दुसऱ्या राज्यात करावी लागते. म्हणून कोणती तांबी, कधी बसवली, हे लिहिलेला कागद बाईने स्वतःजवळ ठेवावा.

नसबंदीचे संमतीपत्र बाईला कळेल अशा भाषेत समजावून सांगणे बंधनकारक आहे; कन्नड न वाचता येणारीने मराठीतून सांगा असे जरूर म्हणावे. या संमतीसाठी नवऱ्याची सही लागत नाही.