होल्स्टर टोचतंय? बॅरलला उगाच शिव्या घालू नका

अमेरिकेत कपड्यांआड कमरेला पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय, की होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, जितकं आखूड आणि मऊ तितकं आरामदायक. साफ चुकीचं आहे हे. उदाहरणार्थ ग्लॉक १९ हे पिस्तूल घ्या, बॅरल म्हणजे नळी ४ इंचांची, भरलेलं वजन साधारण ८५० ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं वजन मुठीत, म्हणजे गोळ्या तिथेच ना, मग होल्स्टर आखूड असलं की पट्ट्याखाली आधारच उरत नाही, मूठ बाहेरच्या बाजूला कलते, शर्टातून उठून दिसते आणि खालचं टोक पोटात रुततं. कमरेला पुढच्या बाजूला पिस्तूल लावणाऱ्यांना उलट थोडं लांब होल्स्टर बरं पडतं, खाली फोमची पाचर चिकटवली की अजूनच छान.

मऊ कापडी होल्स्टर तर नकोच! पिस्तूल काढलं की ते मिटतं, आणि पिस्तूल परत खोचताना दुमडलेली कड ट्रिगरमध्ये अडकून गोळी सुटू शकते. कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं घ्या. आणि पट्टा, तो ढिला फॅशनवाला असेल तर महागातलं होल्स्टरही लोंबकळणारच, लोक पैसे मात्र नेमके तिथेच वाचवतात.