क्लिनिकल फार्मसी

रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन औषधाची निवड, मात्रा व परिणाम तपासणारी औषधशास्त्राची शाखा. फार्मासिस्टसाठी ‘औषधनिर्माता’ हा मराठीतला रूढ शब्द येथे तोकडा पडतो. या कामात निर्मिती जवळजवळ नसतेच.

उगमाविषयी एकमत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ च्या सुमारास नवव्या मजल्यावर औषधतज्ज्ञ नेमले गेले, तो आरंभ असे बहुतेक मानतात. केंटकी विद्यापीठाचे औषधमाहिती केंद्र (१९६२) त्याआधीचे. मात्र तेथे मुख्यतः डॉक्टरांच्या शंकांना उत्तरे मिळत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० मध्ये फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही पदवी सुरू केली, म्हणून काहीजण तेथपर्यंत मागे जातात. पण पदवीचे नाव आधी आले आणि वॉर्डात जाणे मागाहून, हे ध्यानात घेता १९६६ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

औषधाची निवड तपासताना निव्वळ तर्क पुरत नाही, चाचण्यांचा पुरावा लागतो. त्यावर उपचार ठरवण्यासाठी ‘पुराव्याधिष्ठित वैद्यक’ ही संज्ञा कॅनडातील वैद्य गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये वापरली. तिची निकड त्याआधीच दिसली होती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके दाबणारी एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे तर्काला पटणारी होती; ‘कास्ट’ चाचणीत (१९८९) ठोके सुधारले, पण मृत्यू वाढले.

रोजचे काम याहून साधे असते. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) डेसिलिटरला १.२ मि.ग्रॅ. हा आकडा अहवालात फारसा खटकत नाही. वय, वजन व लिंग जमेस धरणाऱ्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मात्र क्रिएटिनिनचा निचरा मिनिटाला सुमारे २७ मि.लि. एवढाच येतो. तो ३० च्या खाली असल्याने रक्ताची गुठळी झालेल्या अशा रुग्णाला एनॉक्सापॅरिन हे मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे गुठळीरोधक औषध दर बारा तासांऐवजी दिवसातून एकदाच द्यावे लागते. ही दुरुस्ती सुचवणे औषधतज्ज्ञाचे काम, आदेश लिहिणे डॉक्टरांचे.

भारतात फार्मसी कायदा १९४८ चा. दुकानापुरती अर्हता दोन वर्षांच्या पदविकेने मिळते. फार्म.डी. २००८ च्या विनियमांनी आली : बारावीनंतर सहा वर्षे, त्यांतील शेवटचे इंटर्नशिपचे, आणि संलग्न रुग्णालय किमान ३०० खाटांचे. फार्मसी व्यवसायाच्या २०१५ च्या विनियमांत रुग्णसमुपदेशनाचा उल्लेख आहे. औषध लिहून देण्याचा अधिकार या पदवीने मिळत नाही.